छातीपासून मांडीपर्यंत

ताईला किडनी कोणी द्यायची, हा प्रश्न आमच्याकडे एका जेवणात सुटला. तपासण्यांत माझी जुळली होती. मी म्हणालो, "मी देतो." बायकोनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, न मागता ताटात आणखी भात वाढला आणि विषय संपला. एवढ्या मोठ्या गोष्टी घरात अशाच सुटतात. त्या किडनीच्या वर, म्हणजे माझ्या पोटावर, जे केस होते त्यांनी मात्र दोन कुटुंबं, एक इस्पितळ आणि एका शेजाऱ्याचा उजवा हात यांना कितीतरी दिवस वेठीला धरलं. हे मी अभिमानानं सांगत नाही. पण लोक परस्पर सांगतात आणि त्यात पदरचं घालतात, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

इस्पितळात अवयव देणाऱ्या-घेणाऱ्यांचं सगळं बघायला एक समन्वयक बाई होत्या. आवाज गोड आणि मजकूर भयंकर. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकची एक किडनी होती. ती मधोमध उघडून त्या आतला भाग दाखवत आणि बोलणं संपलं की डबा लावावा तशी टक् करून बंद करत. मी आणि भावोजी समोर बसलो होतो. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, न्यायालयात स्टेनो होते. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं टिपण्यात गेल्यामुळे की काय, स्वतः बोलायची वेळ आली की त्यांना शब्द महाग पडत.

"आदल्या दिवशी संध्याकाळी भरती व्हायचं," बाई म्हणाल्या. "रात्रीनंतर काही खायचं-प्यायचं नाही. छातीपासून मांडीपर्यंतचे केस आमचा वॉर्डातला माणूस काढेल."

"छातीपासून?"

"मांडीपर्यंत."

"म्हणजे मधलं सगळं?"

"मधलं सगळं," बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या. भावोजी प्लॅस्टिकच्या किडनीकडे अशा एकाग्रतेनं पाहू लागले, की जणू तीच ताईला बसवायची आहे.

यानंतरही बाई काही बोलल्या. काय बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. माझ्या डोक्यात 'आमचा वॉर्डातला माणूस' हे तीनच शब्द घुमत होते.

इथे थोडा खुलासा करायला हवा. माझ्या अंगावर केस आहेत असं म्हणणं म्हणजे समुद्रात ओल आहे असं म्हणण्यासारखं आहे. "ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून झोपणारा माणूस माझ्याच नशिबी यायचा होता," हे बायकोचं वाक्य आमच्या नातेवाइकांत पाठ आहे. या बाबतीत मी आयुष्यभर एक साधं धोरण पाळलं : झाकून ठेवायचं. समुद्रावर गेलो तरी सदरा घालून गेलो. आणि आता कोणी एक अनोळखी माणूस दिव्याच्या लख्ख उजेडात, हातात यंत्र घेऊन, माझ्या पोटाकडे बघून मनाशी म्हणणार, 'बाप रे, आज जेवायला उशीर होणार.' किडनी काढताना निदान माणूस बेशुद्ध असतो. ही नामुष्की पूर्ण शुद्धीत सोसायची होती.

मी ठरवलं, आपलं काम आपण करावं. घरूनच स्वच्छ होऊन जावं. त्या माणसानं यावं, बघावं आणि 'काहीच काम नाही' म्हणून आदरानं परत जावं.

भरती व्हायच्या दोन दिवस आधी, बायको शाळेत शिकवायला गेली असताना मी न्हाणीघराची कडी लावली. मुलगी शिकायला दूर असते. सुट्टीत येऊन गेल्यावर ती केस काढायच्या क्रीमची एक मोठी ट्यूब विसरून गेली होती. ट्यूबवर एका गुळगुळीत पायाचं चित्र होतं. मागे मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत सूचना होत्या. मी विमा कंपनीत आजारपणाचे दावे तपासतो. बारीक अक्षरातली अट कोणी वाचली नाही, एवढ्या एका मुद्द्यावर मी माणसांना हात हलवत परत पाठवलेलं आहे. पण चष्मा बाहेरच्या खोलीत होता, आणि पुन्हा कपडे घालून तो आणायला जायचा मला कंटाळा आला. म्हटलं, गुळगुळीत पाय दिसतोय ना, यात वाचायचं काय?

पहिल्या हातात काहीच झालं नाही. माझ्या केसांनी ते क्रीम असं शोषून घेतलं जसं पायपुसणं पाणी पितं. मी दुसरा हात दिला. मग तिसरा. ट्यूब पिळून, मधोमध कापून, आतलं खरवडून घेतलं. छातीपासून मांडीपर्यंत मी पांढराशुभ्र झालो. वास असा येत होता, की जुन्या अंड्यांवर कोणीतरी अत्तर शिंपडलं आहे. आणि नेमकी दारावरची बेल वाजली.

बेल एकदा वाजली असती तर मी गप्प राहिलो असतो. ही वाजतच राहिली. मला वाटलं, बायको किल्ली विसरून परत आली. आणि ताईची तब्येत अशी, की त्या दिवसांत बेल वाजो नाहीतर फोन, मी धावत सुटायचोच. मी अंगावर मोठा पंचा गुंडाळला, वरून बायकोचा पातळ गाऊन चढवला आणि दार उघडलं.

दारात दवंडीकाका. शेजारच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर. एखादी गोष्ट त्यांना कळली की वेगळी जाहीर करावी लागत नाही, म्हणून खासगीत त्यांचं हे नाव. माणूस मात्र लाखातला. दारातून परत पाठवायला जीव होईना.

"बस," ते स्वतःच बसत मला म्हणाले. "मला दोन शब्द बोलायचेत."

"काका, मी जरा आंघोळीला..."

"आंघोळ रोजचीच आहे रे. असा दिवस रोज येत नाही."

आणि काका त्यागावर बोलू लागले. रक्ताच्या नात्यावर बोलले. आजकाल भाऊ भावाला पाणी देत नाही आणि तू किडनी देतोस, असं म्हणाले. मी बसू शकत नव्हतो, म्हणून उभा होतो. गाऊनच्या आत आधी गुदगुल्या, मग खाज, मग मुंग्या आणि शेवटी लाल मुंग्या सुरू झाल्या. काका ज्या वेळी "तुझ्यासारख्या माणसामुळे जग चाललंय" इथवर आले, त्या वेळी माझी छाती तव्यावर ठेवल्यासारखी भाजत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

काका थांबले. त्यांचेही डोळे भरून आले. "रडू नकोस," असं म्हणून ते उठले आणि त्यांनी मला घट्ट मिठी मारली. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातला त्यांचा उजवा हात माझ्या गाऊनच्या गळ्यातून आत, थेट खांद्याखाली गेला आणि तिथेच राहिला. ते मला थोपटत होते. थोपटताना ओलं लागलं असणार, पण घाम समजून त्यांनी काही मनावर घेतलं नाही.

ते गेल्यावर मी न्हाणीघरात धाव घेतली, ती कशी, ते माझं मला माहीत. पाण्याखाली उभा राहिलो. केस गेले, यात वाद नाही. पण त्यांच्या जोडीनं आणखीही काहीतरी गेलं होतं, आणि ते बहुतेक कातडं होतं.

संध्याकाळपर्यंत छातीवर लाल चट्टे आले. सकाळी त्या चट्ट्यांवर बारीक पुरळ उठलं. पोटावर नकाशा झाला : मध्ये एक मोठा खंड, बाजूला बेटं, बेंबीजवळ एक धगधगता ज्वालामुखी. सदरा अंगाला लागला तरी ओरडावंसं वाटत होतं. बायकोला मी रात्रीच म्हणालो होतो, "उकाडा आहे, जरा बाहेरच्या खोलीत झोपतो." ती "बरं" म्हणाली. इतक्या सहज 'बरं' म्हणाली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्याच सकाळी समन्वयक बाईंचा फोन आला. "ताप? सर्दी? खोकला? अंगावर पुरळ?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोटेपणावर पोट भरलेल्या माणसाला स्वतः खोटं बोलायची सवय नसते. मी म्हणालो, "पुरळ... म्हणजे थोडंसं. खाण्यातून काहीतरी झालं असेल." माझ्या टेबलावर येणाऱ्या दाव्यांतलं हे सगळ्यात सामान्य खोटं. ते ऐकलं की मी पेन्सिलीनं खूण करतो.

"लगेच या," बाई म्हणाल्या. गोडवा जरा कमी झाला होता.

दवंडीकाकांनी गाडी काढली. बायकोला शाळेतून परस्पर इस्पितळात यायला सांगितलं. तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता, इतका तरुण की त्यानं 'काका' म्हटल्यावर मला बरं वाटलं. त्यानं सदरा वर करायला लावला आणि तो वाकून जवळून पाहू लागला.

"तुमच्या अंगावरचे केस?" त्यानं विचारलं.

"मुळातच कमी आहेत," मी म्हणालो.

त्याची नजर माझ्या मनगटांवर गेली. तिथे हातमोजे घातल्यासारखं रान होतं. मग छातीवर गेली. तिथे जळून गेलेलं माळरान. शिकलेला, चांगल्या घरचा मुलगा. किडनी द्यायला आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला खोटं कसं म्हणणार? त्यानं नुसती मान हलवली. "घरात, शेजारी, आणखी कोणाला असं पुरळ आलंय का?"

"कोणालाही नाही," मी ठामपणे म्हणालो.

"मला आलंय ना!" मागून दवंडीकाका म्हणाले.

मी वळून पाहिलं. काकांनी उजवा हात पुढे केला. कोपरापासून खाली हात लालभडक झाला होता आणि त्यावरचा केस न् केस गेला होता. डावा हात जसाच्या तसा, पांढऱ्या केसांनी भरलेला.

"कालपासूनच," काका उत्साहानं म्हणाले. "आधी खाज आली. मग केसच गळून पडले बघा, आपोआप! मला वाटलं वयामुळे असेल. पण एकाच हाताचं वय कसं होईल?"

तरुण डॉक्टर एक पाऊल मागे सरकला. मग आणखी एक. मग त्यानं तोंडाला मास्क लावला आणि अत्यंत शांतपणे विचारलं, "तुम्ही दोघं एकमेकांच्या जवळ कधी आला होतात?"

"काल मिठी मारली मी याला," काका म्हणाले.

तिथून पुढे गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. खरं तर अजूनही राहिली असती. एक वाक्य बोललो असतो तर चेंडू तिथेच थांबला असता. पण लाजेचं असं आहे, की तिला वेळेवर दार उघडलं नाही तर ती भिंत फोडून बाहेर येते. आम्हा दोघांना एका वेगळ्या खोलीत बसवलं. दारावर सूचना लावली. काचेतून एकेक डॉक्टर डोकावून जाऊ लागला. केस गळवणारा, झपाट्यानं पसरणारा संसर्ग त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. शिकाऊ मुलामुलींचा एक घोळका आला. त्यांना माझ्या बेंबीजवळचा भाग दाखवण्यात आला. एका मुलीनं फार चांगला प्रश्न विचारला, म्हणून तिचं कौतुकही झालं. ज्या एका माणसाची नजर चुकवायला मी एवढा खटाटोप केला होता, त्याच्या बदल्यात आता पूर्ण वर्ग बसला होता.

"तुझ्यामुळे आपलं नाव होणार बघ," दवंडीकाका म्हणाले. ते घाबरले नव्हते, हे त्यांचं मोठेपण.

मग काचेपलीकडे भावोजी दिसले. चेहरा उतरलेला. त्यांनी बाहेरून फोन लावला. मी उचलला. 

"परवा तू तिला भेटायला आला होतास," ते म्हणाले. "तिचा हात धरून बसला होतास. तेव्हा तुझ्या अंगात ते होतं का, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून तिला वेगळ्या खोलीत हलवलंय. आजचं डायलिसिस पुढे ढकललंय. वेगळं यंत्र मिळेपर्यंत थांबायचं. तिला श्वास लागतोय."

 एवढा वेळ जे काही चाललं होतं ते माझ्या कातडीपुरतं होतं. ताईला श्वास लागतोय हे ऐकलं आणि माझी आग कुठल्या कुठे गेली.

त्याच वेळी दार उघडून बायको आत आली. बाहेरची नर्स तिला अडवत होती, पण शाळेत पन्नास-साठ पोरांना गप्प करणाऱ्या बाईला अडवणं सोपं नसतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, काकांच्या हाताकडे पाहिलं, आणि तिला सगळा हिशेब लागला.

"काल मोरीची जाळी तुंबली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "मी साफ केली. काय निघालं माहीत आहे? अख्खं मांजर. मी म्हटलं, असू दे. लाजतायत. आपणहून सांगतील. आता तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं. मोठे डॉक्टर आले तेव्हा सगळा घोळका त्यांच्या मागे उभा होता. मला त्यांना एकट्यांनाच सांगायचं होतं, पण 'जरा बाजूला या' म्हणायचंही धैर्य उरलं नव्हतं.

"हा संसर्ग नाहीये," मी म्हणालो. "मी क्रीम लावलं होतं. केस काढायचं. माझ्या मुलीचं. सगळं संपवलं. आणि यांना ते मिठी मारताना लागलं."

दवंडीकाकांनी आपल्या लाल हाताकडे पाहिलं. "म्हणजे तो घाम नव्हता?" त्यांनी विचारलं.

मागे कोणीतरी हसू दाबलं. मोठे डॉक्टर हसले नाहीत. ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

"घरी काही करू नका, असं तुम्हाला सांगितलं होतं," ते म्हणाले. तर बाई तेव्हा हे बोलल्या होत्या! "आम्हाला तुमच्या या कातडीतून आत जायचंय. आज ती जागोजागी फाटलेली आहे. प्रत्येक फाटीत जंतू बसू शकतो. तो तुमच्या पोटात गेला तर तुम्ही आजारी पडाल. किडनीबरोबर तुमच्या बहिणीत गेला, तर तिला त्याच्याशी लढताही येणार नाही, कारण तिची ताकद आम्ही औषधांनी मुद्दाम कमी करणार आहोत. ऑपरेशन रद्द. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत तारीख नाही." दाराजवळ ते थांबले. "आणि त्यांचं डायलिसिस आत्ता लावा. लगेच."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एक साधं मलम दिलं. गार पाण्याच्या घड्या ठेवा, सैल सुती कपडे घाला, खाजवू नका, आणि यापलीकडे जगातलं काहीही लावू नका, असं बजावलं. 'काहीही' या शब्दावर त्यांनी दिलेला जोर मला घरी गेल्यावर समजला. कारण दवंडीकाकांनी, एक हात बांधलेला असताना, सगळीकडे सगळं सांगितलं होतं. आठवडाभर आधी जी माणसं माझा त्याग बघायला येत होती, तीच आता माझं पुरळ बघायला येऊ लागली. समोरच्या वहिनी तुरटी घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, राखेसारखं दुसरं औषध नाही, पण आजकाल चांगली राख मिळत नाही. एकजण घोड्यांना लावायचा लेप घेऊन आला. म्हणाला, घोड्याची कातडी तुमच्याहून नाजूक असते. एक गृहस्थ काहीच न आणता आले आणि बराच वेळ बसून, "पण मला एक सांगा, वस्तरा का नाही वापरला?" एवढंच विचारून गेले. बायको दारात बसून एकेकाला परत पाठवायची. "काही लावायचं नाही," ती म्हणायची, "बघायचं असेल तर लांबून बघा."

कचेरीत आणखी एक पेच. किडनी देण्यासाठी रजा मंजूर होती. पण आता किडनी जागच्या जागी होती आणि मी मात्र घरी. साहेबांनी फोन केला. "तुमच्या रजेचं कारण अवयवदान आहे. दान झालेलं नाही. मग ही रजा कशात बसवू?"

"आजारपणात बसवा."

"आजार काय लिहू?"

मी सांगितलं. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, तो बराच वेळ येत राहिला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या खात्यातले सगळे जण माझ्या तब्येतीची चौकशी फार गंभीर आवाजात करू लागले. इतक्या गंभीर, की ती गंभीर नाही हे मला कळावं.

हे सगळं मी सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते दुसरंच. भावोजी माझ्याशी बोलेनासे झाले होते. ते कमी बोलतात म्हणून सुरुवातीला लक्षात आलं नाही. पण कमी बोलणं आणि न बोलणं यातला फरक जवळच्या माणसाला कळतोच.

सदरा अंगावर सहन व्हायला लागला त्या दिवशी मी ताईला भेटायला गेलो. डायलिसिसच्या खोलीत ओळीनं खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीत एक माणूस, प्रत्येकाच्या हातातून नळ्या निघून यंत्रात गेलेल्या. ताईचा चेहरा सुजला होता. ओठ कोरडे. तिला दिवसाला मोजकंच पाणी मिळायचं आणि ते ती चमच्यानं प्यायची. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. बोलायचं म्हणून ठरवून आणलेली वाक्यं एकही आठवेना.

"ताई, चुकलं माझं."

ती यंत्राकडे बघत होती. "मला राग आलाय," ती म्हणाली. "खूप आलाय. सगळे म्हणतात हस, किती गमतीची गोष्ट आहे. मला नाही हसू येत."

"बरोबर आहे."

"एक खरं सांगशील?" आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला द्यायची नसेल तर नको देऊस. तुझी बायको आहे, मुलगी आहे. भीती वाटली असेल. वाटणारच. पण तसं तोंडानं सांग रे. असं अंग जाळून घेऊन नको सांगूस."

मला कोणीतरी कानफटात मारावी तसं झालं. शेजाऱ्यांनी, साहेबांनी, मोठ्या डॉक्टरांनी माझ्या अब्रूचं जे काही केलं ते या एका वाक्यापुढे काहीच नव्हतं. आणि मला तेव्हा कळलं, की भावोजीही याच विचारानं गप्प झाले आहेत.

"नाही ग ताई," मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या खुर्चीतल्या बाईंनी मान वळवली. "शप्पथ नाही. द्यायची म्हणजे द्यायचीच आहे. मला फक्त लाज वाटली."

"कसली?"

"त्या वॉर्डातल्या माणसाची. तो अंगावरचे केस काढणार. सगळे. म्हणून."

ताई माझ्याकडे बघतच राहिली.  मग तिनं नळ्या नसलेला हात उचलून स्वतःच्या डोळ्यांवर धरला.

"लाज," ती म्हणाली. "माझी तर केव्हाच संपली रे. कोण येतं, कुठे हात लावतं, कोण पुसतं, कोण बघतं. पहिले काही दिवस मी पण डोळे मिटून घ्यायचे. मग कंटाळा आला मिटायचा." तिनं हात खाली घेतला. "तुझी अजून शिल्लक आहे. बरं वाटलं ऐकून. सांभाळून ठेव."

आणि मग, अगदी उशिरानं, तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडते आहे. यंत्र किंचाळायला लागलं, नर्स धावत आली, "हात हलवू नका" म्हणून रागावली. ताई हसत होती. "पूर्ण ट्यूब?" तिनं विचारलं. "पूर्ण ट्यूब लावलीस?"

"मधोमध कापून," मी म्हणालो.

कातडी हळूहळू वठणीवर आली. आधी लाली गेली, मग खपल्या, मग शेवटी बेंबीजवळचा ज्वालामुखीही शांत झाला. मोठ्या डॉक्टरांनी भिंगातून पोट तपासलं आणि नवी तारीख दिली. केसही तोपर्यंत कर्तव्यबुद्धीनं परत आले होते.

भरती झालो त्या संध्याकाळी वॉर्डातला माणूस आला. मध्यमवयीन, टक्कल पडलेला, गुणगुणत. त्यानं पडदा ओढला, यंत्र लावलं आणि माझ्याकडे न बघता आपल्या मेव्हण्याची तक्रार सांगायला सुरुवात केली. मेव्हण्यानं नवं घर बांधलं होतं आणि त्यात खिडक्या चुकीच्या दिशेला काढल्या होत्या. मी म्हणालो, "मग आता ऊन कुठून येतं?" तो म्हणाला, "तेच ना, न्हाणीघरातून." आम्ही बराच वेळ त्या घराचं काय करता येईल याचा विचार केला. मग यंत्र बंद झालं. तो अंग पुसून, पडदा सरकवून, "झोपा आता निवांत" म्हणून निघून गेला. मी पडून राहिलो. एवढ्यासाठी मी जे काही केलं होतं ते सगळं मला आठवत होतं.

ऑपरेशनचं मला काही सांगता येणार नाही, कारण मी तिथे नव्हतो. एका छताकडे बघत होतो, ते दुसरंच छत झालं. डाव्या कुशीत कोणीतरी दगड ठेवून दिला होता. तोंड कोरडं पडलं होतं. बायको उशाशी होती. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला.

"ताई?" मी विचारलं.

"अजून आतच आहे. भावोजी बाहेर थांबलेत."

मग वाट बघणं सुरू झालं. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला आधीच समजावलं होतं : किडनी जोडली म्हणजे झालं असं नाही. तिनं नव्या घरात काम सुरू केलं पाहिजे. काही वेळा लगेच करते, काही वेळा रुसून बसते, आणि काही वेळा करतच नाही. मी पडल्या पडल्या माझ्या त्या किडनीला मनातल्या मनात विनवत होतो. आयुष्यभर माझ्या पोटात बसून फुकट खाल्लंस, आता तरी जरा लाज राख.

वॉर्ड भरलेला होता. भेटायची वेळ होती. प्रत्येक खाटेभोवती नातेवाईक, लहान आवाजातलं बोलणं. आणि तेवढ्यात दाराकडून पावलांचा आवाज आला. धावत येणाऱ्या पावलांचा. मी मान वळवली.

भावोजी होते. वयस्कर, सडपातळ, इस्त्रीचा सदरा पँटमध्ये खोचलेला तो माणूस खाटांच्या मधून पळत येत होता. चष्मा नाकावर तिरका झाला होता. माझ्या खाटेचा लोखंडी कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. 

"काय झालं?" बायको घाबरून उठली.

"झाली," भावोजी म्हणाले.

"काय झाली?"

"शू!" भावोजी ओरडले. भरल्या वॉर्डात, सगळ्यांसमोर. "तिला शू झाली! टेबलावरच सुरू झाली म्हणतात! पिशवी भरली, बदलली, दुसरी भरत आली!" त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी केवढी ते दाखवलं आणि ते हात तसेच हवेत धरून रडायला लागले.

शेजारच्या खाटेवरच्या माणसानं नळीसकट मान उचलली. नर्स लगबगीनं आली. "पेशंटला हसवू नका," ती म्हणाली, "टाके आहेत."

"मी हसत नाहीये," मी म्हणालो. माझ्या कानात पाणी जात होतं. मी भावोजींचा हात धरला. "भावोजी, पुन्हा सांगा ना."

"काय?"

"तेच."

त्यांनी पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.